सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या श्रमाचा अंदाज : पद्धती आणि मर्यादा

पूल बांधावयाचा असल्यास सिमेंट, पोलाद व मजुरी यांचा हिशेब दरसूचीवरून मांडता येतो. सॉफ्टवेअरसाठी अशी दरसूची नसते. त्याचा बहुतांश खर्च माणसांच्या बौद्धिक श्रमाचा असतो आणि हे श्रम किती लागतील, ते काम सुरू होण्यापूर्वीच सांगावे लागते. २००६ मध्ये राष्ट्रीय ई-प्रशासन योजनेला मंजुरी मिळाल्यानंतर अनेक शासकीय सेवा संगणकावर आणण्याच्या कामाला गती मिळाली. अशा प्रकल्पाचा अंदाज चुकल्यास वाढीव खर्चाचा भार सार्वजनिक निधीवर पडतो आणि नागरिकाला दाखल्यासाठी रांगेतच उभे राहावे लागते. म्हणूनच हा विषय केवळ तांत्रिक नाही.

मोजमापाचे एकक

एका व्यक्तीचे एका महिन्याचे काम म्हणजे एक मनुष्य-महिना. श्रम आणि कालावधी या मात्र भिन्न गोष्टी आहेत. बारा मनुष्य-महिन्यांचे काम बारा जण एका महिन्यात पूर्ण करतीलच असे नाही. कारण माणसे वाढली की परस्पर समन्वयाचे कामही वाढते. रखडलेल्या प्रकल्पात नवी माणसे घातल्यास तो अधिकच रखडतो, हे फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये निदर्शनास आणले.

तज्ज्ञांचा अंदाज

ही सर्वांत सोपी पद्धत होय. एकाच व्यक्तीच्या मतावर विसंबू नये म्हणून डेल्फी पद्धतीत अनेक तज्ज्ञ स्वतंत्रपणे आकडे देतात आणि एकत्रित निष्कर्ष पाहून ते पुन्हा तपासतात. त्रिबिंदू पद्धतीत आशावादी, संभाव्य व निराशावादी असे तीन आकडे घेतले जातात. ते अनुक्रमे २०, ३० व ५२ मनुष्य-महिने असल्यास संभाव्य आकड्याला चौपट भार देऊन बेरजेला ६ ने भागतात. उत्तर ३२ येते.

फंक्शन पॉइंट

आयबीएमचे ॲलन अल्ब्रेक्ट यांनी १९७९ मध्ये ही पद्धत मांडली. प्रणाली वापरणाऱ्याला काय देते, ते हीत मोजले जाते. आदान, प्रदान, पृच्छा, अंतर्गत फाइली व बाह्य प्रणालींच्या फाइली हे तिचे पाच घटक असून त्यांचे मध्यम भार अनुक्रमे ४, ५, ४, १० व ७ आहेत. समजा, जन्म-मृत्यू नोंदणीच्या प्रणालीत हे घटक अनुक्रमे २०, १५, १०, ८ व ४ आहेत. तर बेरीज ८० + ७५ + ४० + ८० + २८ = ३०३ होते. पुढे १४ सामान्य वैशिष्ट्यांनुसार या संख्येत सुधारणा केली जाते. संगणकीय भाषा कोणतीही असली तरी ही गणना बदलत नाही आणि गरजा निश्चित होताच ती करता येते, हा तिचा मोठा लाभ होय.

कोकोमो

बॅरी बोहम यांनी ६३ प्रकल्पांच्या अभ्यासावरून १९८१ मध्ये हे प्रारूप मांडले. यात आकार हजार ओळींत मोजतात. मूलभूत प्रारूपाचे सूत्र असे : श्रम = क × (आकार)ᵇ, यात 'क' हा गुणक व 'ᵇ' च्या जागी येणारा तो घातांक. परिचित स्वरूपाच्या, लहान चमूच्या प्रकल्पासाठी गुणक २.४ व घातांक १.०५; मध्यम प्रकारासाठी ३.० व १.१२, तर यंत्रसामग्री व कठोर बंधने यांच्याशी जखडलेल्या प्रकल्पासाठी ३.६ व १.२० आहे.

५० हजार ओळींच्या प्रणालीला पहिल्या प्रकारात सुमारे १४६, तर तिसऱ्या प्रकारात सुमारे ३९४ मनुष्य-महिने लागतात. आकार तोच, पण श्रम अडीचपटीहून अधिक. तिन्ही घातांक १ पेक्षा मोठे असल्याने आकार दुप्पट झाल्यास श्रम दुपटीहून अधिक वाढतात. तिसऱ्या प्रकारात १०० हजार ओळींसाठी हा आकडा सुमारे ९०४ होतो. मध्यवर्ती प्रारूपात विश्वसनीयता, चमूचा अनुभव यांसारख्या १५ घटकांनुसार उत्तरात सुधारणा केली जाते.

मर्यादा

ओळींची खरी संख्या काम संपल्यावरच कळते, ही कोकोमोची मुख्य अडचण. त्यामुळे अनेकदा फंक्शन पॉइंटवरून ओळींचा अंदाज बांधावा लागतो. शिवाय, व्यवहार्यता तपासण्याच्या टप्प्यावर प्रत्यक्ष श्रम अंदाजाच्या एक-चतुर्थांश ते चौपट असू शकतात, असे बोहम यांनी दाखवले. गरजा व आराखडा निश्चित होत जातात तसा हा पल्ला अरुंद होतो. २००१ नंतर प्रसार पावलेल्या ॲजाइल कार्यपद्धतीत काम लहान तुकड्यांत विभागून प्रत्येक फेरीनंतर अंदाज सुधारतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

यावरून तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एकाच पद्धतीवर न विसंबता किमान दोन पद्धतींची उत्तरे पडताळून पाहावीत. सूत्रातील गुणक संस्थेच्या पूर्वीच्या प्रकल्पांच्या नोंदींशी जुळवून घ्यावेत. अंदाज, उद्दिष्ट व करारातील वचन यांत गल्लत करू नये. निविदेसाठी मुदत आधी ठरवून तिला साजेसा श्रमाचा आकडा मागाहून बसवला, तर कोणतेही सूत्र प्रकल्पाला वाचवू शकत नाही. पूर्ण झालेल्या प्रत्येक प्रकल्पाच्या प्रत्यक्ष श्रमांची प्रामाणिक नोंद हाच पुढील अंदाजाचा खरा आधार होय.