"वाघ आला" असें म्हणतात तेव्हां

आपली नवी मुंबई एका बाजूस ठाण्याची खाडी व दुसऱ्या बाजूस डोंगर यांच्यामध्यें वसलेली आहे. पारसिकचा डोंगर, खारघरच्या टेकड्या आणि पनवेलपलीकडील कर्नाळ्याचा सुळका हीं सर्वांच्या परिचयाचीं स्थळें. या डोंगरांच्या पायथ्याच्या वस्त्यांतून "वाघ आला" अशी वार्ता अधूनमधून उठते, आणि लागलीच दोन पक्ष पडतात. एक पक्ष मुलांना घरांत कोंडतो व पिंजरा लावा म्हणून ओरडतो, दुसरा हसून म्हणतो, "कुत्रें पाहिलें असेल!" जेथें तें जनावर दिसलें तेथील माती वाकून पाहण्याची तसदी मात्र दोघांपैकीं कोणीच घेत नाहीं.

अशा वार्तेची पारख कशी करावी, हा या पाठाचा विषय. प्रथम शब्दच घेऊं. आपल्या ग्रामीण भाषेंत वाघ हा शब्द फार ऐसपैस आहे. अंगावर काळे पट्टे असलेला तो पट्टेरी किंवा ढाण्या वाघ. ठिपक्यांचा तो बिबट्या किंवा बिबळ्या. परंतु डोंगराकडचा शेतकरी पुष्कळदां दोघांनाही वाघच म्हणतो, आणि वाघबारसेस दोघांनाही एकाच नांवानें हात जोडतो. शहरांतला मनुष्य तेंच नांव ऐकून पट्टेरी वाघ डोळ्यांपुढें आणतो व सांगणाऱ्यास खोटा ठरवितो. येथें चूक बहुधा ऐकणाऱ्याची असते. मुंबईनजीक विहार तलावाजवळ पट्टेरी वाघ मारला गेल्याची नोंद १९२९ सालची, म्हणजे फार जुनी आहे. बिबट्याची गोष्ट निराळी. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानांत २०१५ सालीं स्वयंचलित कॅमेरे लावून पाहणी झाली, तेव्हां ३५ निरनिराळे बिबटे ओळखतां आले. माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणें प्रत्येक बिबट्याच्या ठिपक्यांची ठेवण वेगळी असते, म्हणून ही मोजदाद शक्य झाली.

"पण तें रान खाडीपलीकडचें, आमच्या वस्तीजवळ बिबट्या कसा येईल?" असें कोणी विचारील. त्यास "आजोबा" या बिबट्याची हकीकत सांगावी. २००९ सालीं हा वयस्क नर त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांतील टाकळी ढोकेश्वर येथें विहिरींत अडकला. त्यास बाहेर काढून, संशोधिका विद्या अत्रेय व वनखातें यांनीं त्याच्या गळ्यांत उपग्रहाशीं जोडलेला पट्टा बांधला व माळशेज घाटांत सोडून दिलें. सुमारें महिन्याभरांत आजोबा जवळजवळ १२० किलोमीटर चालून, मुंबई-आग्रा रस्ता ओलांडून, कसारा स्टेशनाजवळून, वसईची खाडी पार करून थेट मुंबईच्या उद्यानाशीं पोहोंचला ! वाटेंत गांवें होतीं, माणसें होतीं. त्यानें कोणासही इजा केली नाहीं. २०११ सालीं मात्र महामार्गावर वाहनाच्या धडकेनें त्याचा अंत झाला. याच संशोधिकेनें व तिच्या सहकाऱ्यांनीं अकोले तालुक्यांतील शेतांत कॅमेरे लावले असतां, जेथें दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसें राहतात तेथें, दर १०० चौरस किलोमीटरला सुमारें ५ प्रौढ बिबटे आढळले. २०१३ सालीं हें प्रसिद्ध झालें. उंसाच्या आड शेजारी कोण राहतो, हें अनेकांस ठाऊकही नसतें.

म्हणून "अशक्य" म्हणण्याचा अधिकार हसणाऱ्या पक्षास नाहीं. परंतु शक्य आहे तें घडलेंच, असेंही होत नाहीं. आपल्या खाडीकांठच्या कांदळवनांत कोल्हे आहेत. डोंगरउतारावर रानमांजर व उदमांजर फिरतात. रानमांजराचें वजन क्वचितच ८ किलोच्या पुढें जातें, बिबट्याचें ३० पासून ७० पर्यंत. इतका भेद असूनही रात्रीं मोटारीच्या दिव्यांत क्षणभर चमकलेले दोन डोळे पाहणारास जनावराचा आकार सांगूं शकत नाहींत. तो भाग भय पूर्ण करतें.

पुराव्यासही प्रश्न विचारावे लागतात. इंग्लंडांत कॉर्नवॉल परगण्यांतील बॉडमिनच्या माळरानावर काळा बिबट्या फिरतो अशी बोलवा बरींच वर्षें होती. १९९५ सालीं तेथील शेतीखात्यानें चौकशी केली. निश्चित पुरावा मिळाला नाहीं. तथापि असें जनावर नाहींच हेंही सिद्ध करतां येत नाहीं, असें खात्यानें प्रामाणिकपणें नमूद केलें. थोड्याच दिवसांत एका मुलास फॉवी नदींत मोठ्या मार्जाराची कवटी सांपडली. लंडनच्या संग्रहालयांतील तज्ज्ञांनीं ती तपासली. कवटी बिबट्याचीच होती ! परंतु तिच्या आंत उष्ण प्रदेशांतील झुरळाच्या अंड्यांचें कवच निघालें, आणि कातडें गालिचाकरितां कमावतांना करतात तशा कापणीच्या खुणाही दिसल्या. कवटी खरी होती, पण ती परदेशांतून दिवाणखान्यासाठीं आलेली होती. आज तर यंत्राकडून हवें तसें बिबट्याचें चित्र घडवून घेतां येतें व घटकेंत गांवभर पसरवितां येतें. तेव्हां चित्र पाहिल्यावर तें कोणीं, कोठें व केव्हां काढलें, हें विचारण्यांत संकोच नसावा.

इतकी चिकित्सा कशाला, खबरदारी म्हणून पिंजरा लावला तर काय बिघडलें, असा पालकांचा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचें उत्तर जुन्नरनें दिलें आहे. तेथें २००१ पासून शेतवस्तीजवळील बिबटे धरून दूरच्या रानांत सोडण्यांत येऊं लागले. त्यापूर्वीं वर्षाला सरासरी ४ हल्ले माणसांवर होत. पुढील दोनतीन वर्षांत ही सरासरी १७ वर गेली, आणि जेथें बिबटे सोडले त्या भागांतही हल्ले झाले. ज्या बिबट्यानें कोणाचें कांहीं बिघडविलें नव्हतें, तोही अनोळखी मुलुखांत जाऊन पडला. उलटपक्षीं, खरी वार्ता हसण्यावारी नेली तर तिन्हीसांजेस एकट्या शेळ्या वळविणाऱ्या मुलाला कोणी सावध करीत नाहीं. दोन्हीकडे किंमत जिवाची आहे.

तेव्हां मातीकडे वळूं. पावलाचा ठसा सांपडल्यास नखें पाहा. कुत्र्याचीं व कोल्ह्याचीं नखें मातींत उमटतात. बिबट्या चालतांना नखें आंत ओढून घेतो, म्हणून चार बोटें गोल व स्वच्छ दिसतात. तळव्याच्या मागील कडेस त्याला तीन फुगवटे असतात. शेजारीं पट्टी ठेवून माप घ्या : बिबट्याचा ठसा साधारणपणें ७ ते ८ सेंटिमीटर रुंद, रानमांजराचा ५ च्या आंत. मग वेळ व जागा लिहून ठेवा, वडील मंडळींस सांगा, आणि वनखात्यास १९२६ या क्रमांकावर कळवा. वनरक्षक येईपर्यंत गर्दीच्या पायांखालीं ठसा तुडविला जाऊं नये, म्हणून त्यावर एक टोपली पालथी घालून ठेवावी.