मजबूत ट्रायपॉड : निवड, वापर आणि निगा



कॅमेरा घ्यायचा म्हटलं की घरात महिनाभर चर्चा चालते. कोणती कंपनी, किती मेगापिक्सेल, कोणती लेन्स! आणि पैसे संपत आले की शेवटी दुकानदाराला म्हणायचं, "एक साधासा ट्रायपॉडही द्या." हाच साधासा ट्रायपॉड पुढे हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर वाऱ्यात उभा राहतो आणि त्याच्या डोक्यावर घरातली सर्वांत नाजूक नि महाग वस्तू असते. तो आडवा झाला, तर फोटो तर जातोच, कॅमेराही जातो.

म्हणून आजच्या पाठात तीन गोष्टी शिकूया : ट्रायपॉड कसा निवडायचा, बाहेर कसा उभा करायचा आणि घरी आणल्यावर त्याची निगा कशी राखायची.

१) पाय तीनच का?

चौरंग ओबडधोबड जमिनीवर ठेवला तर डुगडुगतो. एका पायाखाली कागदाची घडी सारावी लागते. पण रानात तीन दगडांची चूल मांडली की भांडं कधी डुगडुगत नाही. कारण भूमितीत आहे. एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंमधून एकच प्रतल जातं. त्यामुळे तीन पाय जमिनीला नेहमी एकाच वेळी टेकतात, जमीन कशीही असो. आपल्याकडे तीन पायांच्या घडवंचीला 'तिवई' म्हणतात. ट्रायपॉड म्हणजे कॅमेऱ्याची तिवईच.

पण डुगडुगत नाही म्हणजे पडत नाही, असं नाही बरं का! तीन पायांच्या टोकांनी जमिनीवर एक त्रिकोण तयार होतो. कॅमेरा आणि ट्रायपॉड यांच्या एकत्रित गुरुत्वमध्यातून खाली सोडलेला ओळंबा या त्रिकोणाच्या आत पडला पाहिजे. तो बाहेर गेला की ट्रायपॉड कलंडतो. पुढे स्थिरतेसाठी जे जे सांगितलं आहे, ते सगळं या एका नियमावर उभं आहे.

२) हात कुठे कमी पडतो?

जुना ठोकताळा असा : लेन्सची नाभीय लांबी ५० मिलिमीटर असेल तर हातात धरून शटर १/५० सेकंदापेक्षा संथ ठेवू नये, २०० मिलिमीटर असेल तर १/२०० सेकंदापेक्षा. हल्ली कॅमेऱ्यात कंप कमी करणारी सोय असते, त्यामुळे थोडी सूट मिळते. पण धबधब्याचं पाणी रेशमासारखं दिसायला अर्धा ते दोन सेकंद शटर उघडं ठेवावं लागतं. २० मिलिमीटरच्या लेन्सने ताऱ्यांचा फोटो काढायचा तर साधारण २० ते २५ सेकंद. एवढा वेळ कुणाचाही हात स्थिर राहत नाही. इथे ट्रायपॉडला पर्याय नाही.

३) विकत घेताना काय बघायचं?

वजन पेलण्याची क्षमता : खोक्यावर "८ किलो पेलतो" असं लिहिलेलं असतं. हा आकडा कंपनी स्वतःच्या चाचणीवरून देते, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. शिवाय वजन पेलणं वेगळं आणि न हलता पेलणं वेगळं. सोपा हिशोब असा : आपल्या सामानाच्या निदान तिप्पट क्षमता असावी. कॅमेरा ७०० ग्रॅम आणि लेन्स ८०० ग्रॅम, म्हणजे दीड किलो झालं. मग साडेचार-पाच किलोच्या खालचा ट्रायपॉड बघूच नका. आणि ही क्षमता पाय आणि डोकं या दोन्हींची तपासा. पाय मजबूत आणि डोकं लेचंपेचं असेल, तर उपयोग शून्य.

नळीचा व्यास : खोक्यावरच्या किलोंपेक्षा हा आकडा जास्त खरं बोलतो. पायाच्या सर्वांत वरच्या नळीचा व्यास विचारा. तो बहुधा २२, २५, २८ किंवा ३२ मिलिमीटर असतो. पोकळ नळीचा ताठपणा तिच्या व्यासाच्या जवळजवळ घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे पत्र्याची जाडी, लांबी आणि धातू तोच ठेवून २५ ऐवजी ३२ मिलिमीटरची नळी घेतली, तर ती त्याच जोराला सुमारे निम्मीच वाकते. व्यासात फरक फक्त ७ मिलिमीटरचा, पण परिणाम दुप्पट!

पायाचे भाग : पाय तीन भागांत उघडतो की चार-पाच भागांत, ते बघा. भाग जास्त असले की मिटल्यावर ट्रायपॉड आखूड होतो, सॅकला बांधायला सोपा जातो. पण प्रत्येक जोड ही एक कच्ची जागा असते आणि शेवटची नळी काडीसारखी बारीक होते. एस.टी.ने किंवा दुचाकीने जाणाऱ्यांना चार भागांचा सोयीचा. गाडीतून नेणार असाल तर तीन भागांचा घ्या.

उंची : मधला दांडा वर न काढता कॅमेरा डोळ्यांपर्यंत आला पाहिजे. डोकं आणि कॅमेरा मिळून साधारण २० सेंटिमीटर उंची वाढते. तुमचे डोळे जमिनीपासून १५५ सेंटिमीटरवर असतील, तर नुसते पाय १३५ सेंटिमीटर उघडले तरी पुरे. मधला दांडा वर ओढला की तिवईवर एक खांब रोवल्यासारखं होतं आणि तो खांब थरथरतो. अगदी गरज असेल तेव्हाच तो वापरायचा.

खाली किती जातो? हे विचारायचं बहुतेक जण विसरतात. कास पठारावरची सीतेची आसवं जमिनीपासून काही सेंटिमीटर उंचीची असतात. त्यांच्या नजरेला नजर भिडवायची तर ट्रायपॉड जमिनीला टेकला पाहिजे. त्यासाठी प्रत्येक पाय स्वतंत्रपणे वेगवेगळ्या कोनात फाकता यायला हवा. ज्या ट्रायपॉडच्या पायांना मधून आडव्या पट्ट्यांनी जोडलेलं असतं, ते घरात किंवा सभागृहात ठीक. खडकाळ जागेत एक पाय वरच्या दगडावर आणि दुसरा खाली ठेवायची वेळ येते, तेव्हा त्या पट्ट्या आडव्या येतात.

ॲल्युमिनियम की कार्बन फायबर? ॲल्युमिनियम स्वस्त. आपटलं तर पोचा पडतो, पण काम चालू राहतं. कार्बन फायबर हलकं असतं आणि त्यातला कंप लवकर विरतो. पण ते बरंच महाग, आणि टोकदार दगडाचा जोरात मार बसला तर तडकू शकतं. शिकणाऱ्यांनी चांगल्या जाडीचा ॲल्युमिनियमचा घ्यावा, असं माझं मत. त्याच पैशात मिळणाऱ्या बारीक कार्बनपेक्षा तो जास्त स्थिर उभा राहतो.

डोकं : निसर्गचित्रांसाठी बॉल हेड चटकन वळतं. इमारती आणि देवळांच्या फोटोंसाठी तीन दिशांचे वेगळे दांडे असलेलं पॅन-टिल्ट हेड बरं, कारण एक दिशा बदलताना दुसरी हलत नाही. कॅमेऱ्याच्या तळाच्या स्क्रूचं माप जगभर १/४ इंच असतं. डोकं पायांवर बसतं ते बहुधा ३/८ इंचाच्या स्क्रूवर. त्यामुळे पाय एका कंपनीचे आणि डोकं दुसरीचं, असंही चालतं. मोबाइलवर फोटो काढणाऱ्यांनी १/४ इंची आट्यांची मोबाइल-पकड घेतली की झालं.

दुकानातली चाचणी : ट्रायपॉड पूर्ण उघडा, पण मधला दांडा खालीच ठेवा. वरून दोन्ही तळहातांनी दाबा. कुठला पाय सरकला तर तो नको. डोकं धरून हलकंच पिळून बघा. मग कॅमेरा किंवा मोबाइल लावा, पूर्ण झूम करून रस्त्यापलीकडची पाटी स्क्रीनवर आणा आणि पायावर बोटाने टिचकी मारा. चित्र किती वेळ थरथरतं? दोन-तीन ट्रायपॉडवर हे करून बघा. कुठला घ्यायचा ते कुणाला विचारावं लागणार नाही. आणि हो, रबरी बूट, प्लेट, स्क्रू सुटे मिळतात का, ते विचारायला विसरू नका.

अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरंच. पण बजेट कमी असेल तर लेन्स सहा महिने उशिरा घ्या, ट्रायपॉडवर कात्री लावू नका. चांगला ट्रायपॉड दोन-तीन कॅमेरे बदलले तरी टिकतो.

४) बाहेर उभा करताना

१. आधी वरच्या जाड नळ्या उघडा. सर्वांत बारीक नळी शेवटी, लागलीच तर. (पाणी, चिखल आणि वाळू याला अपवाद आहे, तो पुढे येईल.)

२. सपाट जागेवर एक पाय लेन्सच्या दिशेला करा, म्हणजे लेन्सचं वजन त्या पायावर येतं. तुम्ही उरलेल्या दोन पायांच्या मध्ये उभे राहा.

३. उतारावर दोन पाय उताराच्या बाजूला आणि एक, आखूड केलेला, चढाच्या बाजूला. ओळंबा आठवतोय ना?

४. वाऱ्यात उंची कमी करा आणि पाय फाका. मधल्या दांड्याच्या हुकाला सॅक अडकवा, पण ती लोंबकळती ठेवू नका. लोंबकळणारी सॅक झोपाळ्यासारखी हलते आणि ट्रायपॉडलाही हलवते. ती जमिनीला जरा टेकलेली असू द्या. कॅमेऱ्याचा पट्टा काढा किंवा गुंडाळा, नाहीतर तो वाऱ्यात फडफडतो.

५. फोटो काढताना बटण दाबल्याचाही धक्का बसतो. दोन सेकंदांचा टायमर लावा. ट्रायपॉडवर असताना कंप कमी करणारी सोय बंद करण्याचा सल्ला बहुतेक कंपन्या देतात. आपल्या कॅमेऱ्याची पुस्तिका बघून ठरवा.

६. वाऱ्यात ट्रायपॉड सोडून दोन पावलंही लांब जाऊ नका.

सर्वांत महत्त्वाचं : ॲल्युमिनियम आणि कार्बन फायबर, दोन्हींतून वीज वाहते. वळवाचे ढग दाटले, दूरवर गडगडाट ऐकू आला, की पठारावर किंवा कड्यावर ट्रायपॉड उभा ठेवायचा नाही. मिटा आणि खाली उतरा. कुठलाही फोटो जिवापेक्षा मोठा नाही. विजेच्या तारांखालीही हीच काळजी.

आणखी एक. रायगड, अजिंठा, वेरूळ यांसारखी स्मारकं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. तिथे ट्रायपॉड वापरायला आधी परवानगी काढावी लागते. कासला पाय रोवताना फुलं चिरडत नाहीत ना, तेही बघा.

५) घरी आल्यावरची निगा

आपल्याकडे ट्रायपॉडचे शत्रू तीन : कोकणातलं खारं पाणी, समुद्राची वाळू आणि पावसाळ्यातला चिखल. तिघेही एकाच जागी घुसतात, पायांच्या जोडात. वाळूचा एक कण जोडात गेला की प्रत्येक उघडझापीला तो नळीवर ओरखडे काढतो. मीठ राहिलं तर ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते आणि जोड जाम होतो.

म्हणून वाळूत, चिखलात किंवा पाण्यात शिरताना वरचा नियम उलटा करा. सर्वांत खालची नळी आधी पूर्ण उघडा, म्हणजे तिचा जोड पाण्याच्या वर राहील.

त्याच दिवशी : पाय ओले असताना मिटू नका, पाणी आत कोंडतं. पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्याने धुवा, फडक्याने पुसा आणि उघडेच सावलीत वाळवा. डोकं मात्र पाण्यात बुचकळायचं नाही. ते ओलसर फडक्याने पुसायचं.

महिन्या-दोन महिन्यांनी : सगळे स्क्रू तपासा. गाडीच्या हादऱ्यांनी ते सैल होतात. खटक्याचे लॉक ढिले झाले असतील, तर षटकोनी टोकाच्या वाकड्या चावीने, म्हणजे ॲलन कीने, किंचित आवळा.

मोसम संपल्यावर : पिळायचे लॉक असतील तर जोड उघडून साफ करा.

- जुनी पांढरी चादर अंथरा. एका वेळी एकच पाय उघडा, म्हणजे भागांची अदलाबदल होत नाही.
- लॉक पूर्ण फिरवून नळी हळूच बाहेर ओढा. आत प्लास्टिकच्या दोन अर्धगोल पट्ट्या असतात, त्या पटकन निसटतात. त्या कशा बसल्या होत्या, त्याचा आधी मोबाइलवर फोटो काढा.
- साबणाच्या कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशने आटे घासा. पूर्ण वाळू द्या.
- आट्यांवर कंपनीने सांगितलेल्या ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल घालू नका, त्यावर धूळ चिकटून राहते.
- बॉल हेडच्या गोळ्याला तेल, ग्रीस काहीही लावायचं नाही. तो घर्षणावरच कॅमेरा धरून ठेवतो. कोरडं, स्वच्छ फडकं पुरे.

ठेवताना लॉक आणि डोक्याच्या चाव्या थोड्या सैल ठेवा. पावसाळ्यात ओलसर पिशवीत कोंडू नका.

स्वाध्याय

१. चार पायांचा चौरंग डुगडुगतो, पण तिवई डुगडुगत नाही. कारण लिहा.

२. कॅमेरा ६०० ग्रॅम आणि लेन्स १ किलो ४०० ग्रॅम आहे. ट्रायपॉडची क्षमता निदान किती किलो हवी?

३. मधला दांडा पूर्ण वर काढला की गुरुत्वमध्याचं काय होतं? आकृती काढून दाखवा.

४. समुद्रकिनाऱ्यावर खालची नळी आधी का उघडायची?

५. उपक्रम : घरातल्या कोणत्याही ट्रायपॉडवर मोबाइल लावा. दांडा खाली आणि दांडा वर अशा दोन्ही स्थितींत टिचकीची चाचणी करा. थरथर थांबायला किती सेकंद लागले, ते प्रत्येकी पाच वेळा मोजून सरासरी काढा.

उपक्रमातली दोन उत्तरं वहीत शेजारीशेजारी लिहून ठेवा. पुढच्या वेळी गडावर दांडा वर ओढायला हात जाईल, तेव्हा ते दोन आकडे आठवतील.