सीताबर्डीची टेकडी आणि बॅरनचा ज्वालामुखी

सीताबर्डीची टेकडी म्हटली की आपणांस १८१७ ची लढाई आठवते. त्या लढाईच्या पायाखालचा काळा दगड मात्र सहसा कोणी निरखून पाहत नाही. हा बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हारस होय. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थर पसरले, त्यांची पूर्वेकडील कड आपल्या नागपूरच्या आसपास येऊन संपते.

हे थर एका दमात पडलेले नाहीत. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी हंटर यांना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास येथील टाकळीला, दोन थरांच्या मधल्या गाळात, गोड्या पाण्यातील गोगलगायींचे शंख, बिया व फळे यांचे जीवाश्म सापडले. म्हणजे दोन उद्रेकांच्या दरम्यान येथे तळी साचली, झाडे वाढली, फळली. आणि मग पुन्हा लाव्हा आला!

अशी फसवी शांतता आजही पाहावयास मिळते. पोर्ट ब्लेअरपासून सुमारे १३५ किलोमीटरवर असलेले बॅरन बेट हा भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी. १७८७ पासून त्याच्या उद्रेकांच्या नोंदी आहेत. १८०३-०४ नंतर तो दीडशेहून अधिक वर्षे जवळजवळ निपचित होता. १९९१ साली एकाएकी जागा झाला. पुढे १९९४-९५ मध्ये आणि २००५ पासून अधूनमधून तो धुमसत आला आहे. जानेवारी २०१७ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ जवळच समुद्रतळाचे नमुने घेत असताना त्याने राख ओकली. दिवसा नुसती राख दिसे. सूर्यास्तानंतर लाव्ह्याचे लाल कारंजे.

उद्रेकापूर्वी शिलारस वर चढू लागला की खडक तडकतात व लहान लहान भूकंप होतात. जमीन किंचित फुगते. गंधकयुक्त वायू वाढतो. भूकंपमापकाने व उपग्रहाने ही लक्षणे टिपता येतात. फिलिपाइन्समधील पिनाटुबोच्या १९९१ च्या महास्फोटापूर्वी याच आधारे हजारो लोक हलविले गेले. उलट कोलंबियात १९८५ साली धोक्याचा नकाशा तयार असूनही आर्मेरो गाव चिखलाच्या लोंढ्याखाली गेले व वीस हजारांहून अधिक माणसे दगावली. नकाशा होता, गाव हलले नाही.

बॅरनवर माणसांची वस्तीच नाही (रानटी झालेल्या शेळ्या तेवढ्या आहेत), तेव्हा तेथून कोणास हलवावयाचे नाही. पण राख विमानाच्या इंजिनास घातक असते. म्हणून त्या आकाशावर उपग्रहांतून नजर ठेवली जाते, आणि ऑस्ट्रेलियातील डार्विन येथील केंद्र वैमानिकांना राखेच्या ढगांची सूचना देते.