गळीत हंगामापूर्वी ट्रॅक्टरची बॅटरी तपासा



तोडलेला ऊस 24 तासांच्या आत गाळपाला आला तरच वजन आणि उतारा टिकतो. भरलेली ट्रॉली फडात उभी आणि ट्रॅक्टर सेल्फ घेईना, अशी वेळ आली की नुकसान आपलंच. कुंभार पिंपळगाव परिसरातल्या काळ्या रानातून उसाची वाहतूक म्हणजे धक्के बसणारच. त्यानं बॅटरीची जोडणी सैल होते. पुष्कळदा बॅटरी चांगली असते, दोष जोडणीत असतो. आपण मात्र नव्या बॅटरीला हजारो रुपये मोजतो.

असे का होते? सेल्फ मारताना 200 अँपिअर किंवा त्याहून जास्त प्रवाह लागतो. जोडणीत ओहमच्या शंभराव्या भागाइतका अडथळा असला तरी 2 व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. मग 12 व्होल्टच्या बॅटरीवर सेल्फ नुसता टकटक करतो. हॉर्नला प्रवाह थोडा लागतो, म्हणून तो वाजतो आणि आपण फसतो.

काळजी अशी घ्यावी :

1. इंजिन बंद करावे. अंगठी, कडे काढून ठेवावे. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जवळ विडी-काडी पेटवू नये.

2. आधी मायनसची वायर सोडावी, मग प्लसची. जोडताना आधी प्लस, शेवटी मायनस. बहुतेक ट्रॅक्टरांत मायनस चेसिसला जोडलेली असते. ती आधी सुटली की पाना लोखंडाला लागला तरी ठिणगी पडत नाही.

3. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर ग्लासभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून ब्रशने धुवावा. बुचे घट्ट असावीत. सोडा आत जाता कामा नये. नंतर साध्या पाण्याने धुऊन कोरडे पुसावे.

4. टर्मिनल आणि वायरचा लग आतून पॉलिश पेपरने चकचकीत करावा. लग हातोडीने ठोकू नये. नट आवळल्यावरच वरून व्हॅसलिन लावावे.

5. मायनस वायरचे चेसिसकडचे टोकही असेच घासून आवळावे. ते सगळेच विसरतात. बॅटरीची पट्टीही घट्ट असावी.

6. पाणी भरायच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीच्या, बोअरच्या पाण्यातले क्षार प्लेटा खराब करतात.

ॲसिड डोळ्यांत गेले तर लगेच भरपूर पाण्याने 15 मिनिटे धुवावे आणि डॉक्टर गाठावा.

हंगामात दर पंधरवड्याला एवढे केले, तर ट्रॉली फडात अडकून ऊस वाळणार नाही.

— ऊस विकास अधिकारी