आधी अंडं की आधी कोंबडी? उत्तर आपल्या खुराड्यात आहे



‘आधी कोंबडी की आधी अंडं?’ हे कोडं आपण लहानपणापासून ऐकतो. कोंबडी म्हणावी तर ती अंड्यातून आली, अंडं म्हणावं तर ते कोंबडीनं घातलं. आपल्याकडच्या जुन्या पंडितांनीही हाच प्रश्न बी आणि अंकुर यांच्याबद्दल विचारला, त्याला ‘बीजांकुर न्याय’ म्हणतात. आज या कोड्याचं उत्तर समजून घेऊ, कारण त्यावर आपल्या परसातल्या कोंबड्यांचं उत्पन्न अवलंबून आहे.

अंडं फार जुनं आहे

कोंबडी जगात येण्याच्या कितीतरी आधी मासे, साप, कासवं, मगरी अंडी घालत होत्या. गुजरातमध्ये बालासिनोरजवळ डायनासोरच्या अंड्यांचे दगड झालेले अवशेष सापडले आहेत. ते साडेसहा कोटी वर्षांहून जुने आहेत. तेव्हा नुसतं ‘अंडं’ विचारलं, तर अंडंच आधी. यात वाद नाही.

मग कोंबडीचं अंडं?

आपली कोंबडी लाल रानकोंबड्यापासून आली. तिच्या पाळीवपणाचे सर्वात जुने खात्रीचे पुरावे आजच्या थायलंडच्या भागातले, सुमारे ३,५०० वर्षांपूर्वीचे आहेत. आपल्या सह्याद्रीचाही यात वाटा आहे. अनेक कोंबड्यांचे पाय आणि कातडी पिवळी असते ना? तो गुण दक्षिण भारतातल्या करड्या रानकोंबड्याकडून आला, असं शास्त्रज्ञांनी २००८ साली दाखवलं. हा करडा रानकोंबडा सह्याद्रीच्या जंगलात आजही आरवतो.

आता नीट लक्ष द्या. रानकोंबडी एके दिवशी उठून गावठी कोंबडी झाली नाही. कोणतीही कोंबडी जे गुण घेऊन जन्मते, तेच घेऊन मरते. नवा गुण येतो तो पुढच्या पिढीत, अंडं तयार होताना. आईचे थोडे, बापाचे थोडे गुण जुळतात, त्यात एखादा लहानसा बदलही होतो. म्हणून पिल्लू आईपेक्षा किंचित वेगळं निघतं. असे किंचित बदल शेकडो पिढ्या साठत गेले. पहाट नेमकी कोणत्या मिनिटाला झाली ते सांगता येत नाही, तशीच ‘पहिली कोंबडी’ बोट ठेवून दाखवता येत नाही. पण जी कोणी होती ती अंड्यातूनच आली, आणि ते अंडं घालणारी तिची आई तिच्यापेक्षा थोडी जास्त रानटी होती. म्हणून उत्तर: आधी अंडं.

हे बदल साठवले कोणी?

माणसानं. कोणती कोंबडी ठेवायची आणि कोणती कापायची, हे पाळणारा ठरवत आला. रानकोंबडी वर्षाला मोजकीच अंडी घालते. आपली गावठी साधारण ६० ते ८० घालते. मोठ्या पोल्ट्रीतली निवडक जात ३०० च्या आसपास जाते. निवड पिढ्यान्‌पिढ्या होत राहिली, त्याचा हा परिणाम.

आता आपल्या घरी काय होतं ते बघा. मोठी, छान अंडी बाजारात जातात आणि उरलेली खुडूक कोंबडीखाली ठेवली जातात. पाहुणे आले की सर्वात तगडा कोंबडा कापला जातो आणि मरतुकडा मागे राहतो. म्हणजे निवड आपणही करतो, पण उलटी! चार-पाच पिढ्यांनी ‘आमच्या कोंबड्या आता पहिल्यासारख्या राहिल्या नाहीत’ असं म्हणायची वेळ येते.

उबवायची अंडी कशी निवडायची?

१. आधी कोंबडी निवडा. जास्त अंडी देणारी, आजारी न पडणारी, पिल्लं नीट सांभाळणारी. तिच्या पायाला रंगीत दोरा सैलसर बांधा, म्हणजे तिचं अंडं ओळखता येईल.

२. तगडा कोंबडा राखून ठेवा. आठ-दहा कोंबड्यांमागे एक पुरतो. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी घालते, पण त्यातून पिल्लू निघत नाही. दुकानातली पोल्ट्रीची अंडी उबत नाहीत, ती याचमुळे.

३. तोच कोंबडा वर्षानुवर्षं ठेवू नका. त्याच्याच लेकींशी जोडी लागली की पिल्लं कमजोर निघतात. दुसऱ्या वस्तीवरच्या गटाशी कोंबड्याची अदलाबदल करा. नवा कोंबडा आल्यावर तीन आठवडे थांबून मग उबवायची अंडी गोळा करा, कारण जुन्या कोंबड्याचं बीज कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकतं.

४. अंडं मध्यम आकाराचं, स्वच्छ, तडा नसलेलं घ्या. निमुळतं टोक खाली करून गार जागी ठेवा. आठवड्यापेक्षा जुनं नको, उन्हाळ्यात तर तीन-चार दिवसांचंच घ्या.

५. सातव्या दिवशी रात्री अंड्यामागे बॅटरी धरून पाहा. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर पिल्लू धरलंय. अंडं अगदी स्वच्छ दिसलं तर ते काढून टाका.

पिल्लं २१ दिवसांनी निघतात. त्यानंतरही कोंबडी दीड-दोन महिने त्यांच्यामागे असते आणि तेवढे दिवस अंडी देत नाही. म्हणजे एक खेप फसली तर नुसती दहा-बारा अंडी जात नाहीत, तिचे अंडी देण्याचे दिवसही जातात. पिल्लं निघाली की मानमोडीची लस पहिल्या आठवड्यात द्यायची असते, म्हणून पशुसखीला आधीच सांगून ठेवा.

पैशाचा प्रश्न

‘चांगली अंडी विकली नाहीत तर मीठ-मिरची कशी आणायची?’ ही अडचण खरी आहे. पण सगळी अंडी राखायची नाहीत. वर्षातून दोन-तीन खेपांची, दोरा बांधलेल्या कोंबडीची दहा-बारा अंडी तेवढी राखायची. बाकीची विका, आणि काही लेकरांच्या ताटातही जाऊ द्या. शेतकरी चांगलं कणीस बियाण्याला बाजूला काढतो, तसंच हे.

पुढच्या बैठकीत चर्चेसाठी

• आपल्या गटात कोणाची कोंबडी सर्वात जास्त अंडी देते? अंड्यांची नोंद कोण ठेवतं?
• घरातला कोंबडा कधी कापायचा हे कोण ठरवतं? राखायचा कोंबडा घरच्यांना कसा पटवून सांगाल?
• कोंबड्याची अदलाबदल करायला कोणत्या वस्तीवरच्या गटाशी बोलता येईल?