टाकीत उतरण्याआधी हवा मोजा



नरसिंहपूर भागात ऊसनोंदीसाठी फिरताना एका सभासदाने आम्हाला विचारले, "साहेब, कारखान्याच्या धुराड्याला गॅस मोजायचं यंत्र असतं म्हणे. आमच्या काय कामाचं ते?" बांधावर उभ्या-उभ्या दिलेले उत्तर अपुरे पडले, म्हणून येथे लिहीत आहोत.

धुराड्याचे आधी थोडक्यात. बगॅस जाळताना हवा कमी पडली तर काळा धूर निघतो. जास्त झाली तर ती फुकट तापून उष्णता बाहेर घेऊन जाते. म्हणून धुरात ऑक्सिजन किती उरला ते पाहतात. पूर्वी ऑरसॅट नावाचे काचेचे उपकरण असे. धुराचा नमुना कॉस्टिक पोटॅशमधून नेला की कार्बन डायऑक्साइड शोषला जाई, पायरोगॅलॉलमधून नेला की ऑक्सिजन. नमुना जितका घटला तितका तो वायू, असा सरळ हिशेब. आता झिर्कोनियाची कांडी धुराच्या वाटेतच बसवतात. ती सुमारे ७०० अंशांना तापली की आतल्या-बाहेरच्या ऑक्सिजनच्या फरकाप्रमाणे थोडा विद्युतदाब देते. तो आकडा पाहून पंख्याची हवा कमी-जास्त करायची. बगॅस वाचला तर तो आपलाच पैसा.

पण आपल्या गोठ्याशी संबंध आहे तो खिशात मावणाऱ्या मीटरचा.

मार्च २०२३ मध्ये आपल्या शेजारच्या बारामती तालुक्यात खांडज येथे शेणाच्या टाकीत चार माणसे गेली. एप्रिल २०२४ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यात वाकडी येथे, शेणाची स्लरी साठलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडले. ते काढायला आणि मग एकमेकांना वाचवायला उतरलेल्यांपैकी पाच जण दगावले. दोन्हीकडे माणसे घरातली, जवळचीच. आपला माणूस खाली पडलेला दिसल्यावर काठावर उभं राहवत नाही, हे आम्हालाही कळते.

शेण कुजताना मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि थोडा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. शेवटच्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण प्रमाण वाढले की नाकच बधिर होते, आणि माणूस म्हणतो, "वास गेला, आता उतरू." कंदील सोडून पाहण्याची जुनी पद्धतही येथे सोडावी. या विषारी वायूने कंदील विझत नाही, आणि मिथेन असेल तर भडका उडेल.

चार वायूंचा मीटर ऑक्सिजन, जळणारा वायू, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड मोजतो. चांगल्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली आला की उतरायचे नाही. हायड्रोजन सल्फाइड दहा लाख भागांत १० भाग झाला की बहुतेक मीटर ओरडतात. विहिरीत डिझेल इंजिन चालवले असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा जरूर पाहावा.

वाचताना ऑक्सिजन आधी पाहायचा. याचे कारण असे, की जळणारा वायू मोजणारा मणी तो वायू स्वतःवर जाळून मोजतो. ऑक्सिजनच नसेल तर जळणार कसे? टाकी मिथेनने भरलेली असली तरी आकडा कमी दाखवील. कार्बन डायऑक्साइड तर हा साधा मीटर मोजतच नाही. त्याला अवरक्त किरणांचा वेगळा सेन्सर लागतो.

मिथेन हलका, कार्बन डायऑक्साइड जड. म्हणून नळी सोडून वर, मध्ये आणि तळाशी अशी तीन ठिकाणची हवा ओढावी, आणि नळी लांब असेल तर आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. गाळ ढवळला की अडकलेला वायू सुटतो. पहिला आकडा चांगला आला म्हणून मीटर बाजूला ठेवू नये.

कोणी आत पडलाच तर मागोमाग उतरू नका. वरून ब्लोअरने हवा सोडा, ११२ ला फोन करा. आत जाणाऱ्याला हवेचा सिलिंडर आणि दोर हवाच. तोंडाला बांधलेला रुमाल काहीच अडवत नाही.

प्रत्येक गट ऑफिसात असा एक मीटर असावा, असे आमचे मत आहे. मात्र नुसता विकत घेऊन कपाटात ठेवला तर फुकट. ऑक्सिजनचा नेहमीचा सेन्सर वापरा न वापरा, साधारण दोन वर्षांत संपतो. कोणाकडून मीटर मागून आणलात तर आधी उघड्या हवेत २०.९ दाखवतो का बघा, आणि ज्ञात वायूवर शेवटची तपासणी कधी झाली ती तारीख विचारा.