ट्रामचे पैसे कोणी द्यावेत?

मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली, ७ मे १९०७ रोजी विजेची आली आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. आरंभी कुलाबा ते पायधुणी तीन आणे पडत. एवढे पुष्कळांनी आजोबांच्या तोंडून ऐकले असेल. परंतु रूळ पडताच ज्यांच्या जागांचे मोल वाढले, त्यांनी रुळांसाठी काय दिले, हे सहसा कोणी विचारीत नाही.

रूळ, तारा व गाड्या ह्यांचा सारा खर्च केवळ तिकिटांतून क्वचितच निघतो. मग तो सरकारी तिजोरीतून करावा काय? आमच्या गोव्यात पायी उतारूस फेरीबोटीत पैसे पडत नाहीत. तो भार सबंध राज्य उचलते. फेरीबोट गरिबाची म्हणून ते शोभते. पण थांब्यासमोरच्या पेढीवाल्याच्या लाभासाठी दूर खेड्यातील शेतकऱ्याने का द्यावे?

अमेरिकेतील कॅन्सस सिटीने ह्यावर निराळी तोड काढली. ट्रामच्या वाटेलगतचा भाग आखून त्याचा स्वतंत्र कर-विभाग केला. त्या हद्दीतील विक्रीवर शेकडा एक कर आणि घरे-दुकाने ह्यांवर निरनिराळ्या दरांची पट्टी बसविली. केंद्र सरकारचे साहाय्यही मिळाले. मे २०१६ मध्ये सुमारे दोन मैलांची ट्राम सुरू झाली, तीत तिकीटच नाही! पुढे २०२५ मध्ये ती दक्षिणेकडे वाढली. योजनेत एक खोच मात्र होती. २०१२ साली मत देण्याचा हक्क त्या हद्दीत राहणाऱ्या मतदारांनाच होता, आणि मते पडली काही शेच. ज्याचे दुकान तेथे पण घर बाहेर, त्याला कर होता, मत नव्हते.

आपल्याकडे ही कल्पना अगदीच परकी नव्हे. मुंबई इलाख्याच्या १९१५ च्या नगररचना कायद्यात सुधारणेमुळे वाढलेल्या मोलाचा काही भाग जमीनमालकाकडून घेण्याची तरतूद होती. अलीकडे १ एप्रिल २०२२ पासून मुंबई, पुणे, ठाणे व नागपूर येथे मेट्रोसाठी मुद्रांक शुल्कावर शेकडा एक अधिभार लागू झाला. तथापि तो सबंध शहरावर पडतो. मेट्रोपासून कोसभर दूर घर घेणाराही तो भरतो, हे आम्हांस पटत नाही.

आता उज्जयिनीचे पाहा. ऑक्टोबर २०२२ मध्ये महाकाल लोक खुले झाले. २०२८ चा सिंहस्थ समोर आहे. स्टेशनापासून महाकालापर्यंत ट्राम टाकावयाची झाली, तर लाभ होणार लगतच्या मालकांना आणि यात्रेकरूंना. विक्रीकर असता तर यात्रेकरूही आपला वाटा देता. पण जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आल्यावर गावाला असा निराळा विक्रीकर बसविता येत नाही. उरते मुख्यतः घरपट्टी.

वर्गात आम्ही हे सांगत होतो, तेव्हा एक मुलगा उठला. त्याच्या वडिलांचे पटणी बाजारात भाड्याचे दुकान आहे. "सर, पट्टी मालकावर बसली तरी तो भाडे वाढवील. म्हणजे ती आमच्याच बाबांनी भरायची ना? आणि जागेची किंमत वाढली, ती मात्र मालकाची?"

तास संपल्याची घंटा झाली होती, तरी कोणी उठले नाही. भाडेकरूस किती वर्षे भाडेवाढीपासून अभय द्यावे, हे त्याच पट्टीच्या ठरावात लिहून घेता येईल, असे आम्ही म्हणालो. "मग त्या ठरावावर बाबांना मत असेल ना, सर?" त्याने विचारले.